टार्गेट कंपनीचं, सही तुमची

बी.कॉम., बी.एस्सी. किंवा बी.बी.ए. झालं की अनेकांना पहिली नोकरी सेल्समध्ये मिळते. खासगी बँकेची शाखा, एनबीएफसी, विमा कंपनी, गृहकर्जाचं कार्यालय, क्रेडिट कार्ड विकणारं कॉल सेंटर. पदनाम रुबाबदार असतं: रिलेशनशिप ऑफिसर, असिस्टंट मॅनेजर. घरचे खूश असतात. पहिला पगार खात्यावर पडला की मात्र प्रश्न सुरू होतात. ऑफर लेटरवर एवढा मोठा आकडा होता, मग हातात इतकेच कसे? टार्गेट चुकलं तर पगार कापता येतो का? नोकरी सोडली तर तीन महिन्यांचे पैसे भरावे लागतील का? आणि सगळ्यात अवघड प्रश्न: "कस्टमरची सही जुळवून आण," असं साहेबच म्हणाले तर काय करायचं?

यातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं रुजू होण्याआधी हाती पडलेल्या कागदांत असतात, उरलेली कायद्यात. ती शोधताना एक गोष्ट कायम ध्यानात ठेवा. टार्गेट मुख्य कार्यालयातून झोनला, झोनमधून शाखेला आणि शाखेतून तुमच्या नावावर येतं. जबाबदारी मात्र तशी उलटी वर जात नाही. फॉर्मवर ज्याची सही, त्याच्याकडेच ती थांबते.

सीटीसी म्हणजे पगार नव्हे

सीटीसी म्हणजे तुमच्यावर कंपनीचा वर्षाला होणारा एकूण खर्च. त्यातला काही भाग तुमच्या हाती कधीच येत नाही, काही वर्षांनी येतो आणि काही अटींवर येतो. एक नमुना हिशेब पाहा.

समजा, सीटीसी ३,६०,००० रुपये आहे आणि त्यातले ६०,००० 'व्हेरिएबल', म्हणजे कामगिरीवर अवलंबून. उरले ३,००,०००, म्हणजे महिना २५,०००. बेसिक १२,५०० असेल तर कंपनीचा पीएफचा वाटा (१२ टक्के) १,५०० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद साधारण ६०० याच पंचवीस हजारांतून जातात. गटविम्याचे ४०० धरले तर ग्रॉस पगार उरतो २२,५००. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ १,५०० आणि व्यवसाय कर २०० वजा करा. हातात आले २०,८००. महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर माफ आहे, त्यामुळे त्यांना २१,००० मिळतील. फेब्रुवारीत व्यवसाय कर २०० ऐवजी ३०० असतो. तेव्हा शंभर रुपये कमी आले म्हणून घाबरू नका.

फिरतीचं काम असेल तर हिशेब इथेच संपत नाही. दिवसाला चाळीस किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस आणि गाडी लिटरला पन्नास देणारी असेल, तरी वीस लिटर पेट्रोल लागतं. म्हणजे दोन हजारांहून अधिक. हा भत्ता वेगळा मिळतो की पगारातच 'समाविष्ट' आहे, ते आधीच विचारा. मुलाखतीत हा प्रश्न विचारण्यात कमीपणा नाही. एच.आर.ला तो रोज ऐकायची सवय असते.

ग्रॅच्युइटी कायम नोकरीत पाच वर्षं झाल्यावरच मिळते. ठरावीक मुदतीच्या करारावर असाल, तर सामाजिक सुरक्षा संहितेनुसार एका वर्षानंतरही ती लागू होते. ग्रॉस पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागतो आणि पगारातून ०.७५ टक्के जातात. ही कपात नकोशी वाटली तरी तिच्यामुळे तुम्हाला आणि अवलंबून असलेल्या आईवडिलांना उपचाराची सोय मिळते. कार्ड काढून घ्या आणि दवाखाना ठरवून ठेवा.

पेरोल कुणाचा?

"बँकेत लागलो" असं सांगणारे कितीतरी जण प्रत्यक्षात मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीच्या पेरोलवर असतात. व्यवहाराच्या भाषेत याला 'ऑफ-रोल' म्हणतात. टेबल बँकेचं, साहेब बँकेचे, टार्गेटही बँकेचं. नेमणूकपत्र मात्र दुसऱ्या कंपनीचं. यात बेकायदा असं काही नाही. पण बढती, बँकेची कर्जसवलत आणि पुढे सीव्हीवर लिहायचा अनुभव, सगळ्याला फरक पडतो. 'सहा महिन्यांत ऑन-रोल करू' असं आश्वासन मिळालं तर निकष काय आणि ते कुठे लिहिलेत, एवढं ईमेलवर विचारा. तोंडी आश्वासन देणारे साहेब सहा महिन्यांत दुसऱ्या शाखेत गेलेले असू शकतात.

नोकरी लावून देतो म्हणून नोंदणी फी, प्रशिक्षण फी किंवा लॅपटॉपची अनामत मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. मूळ गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्रही कुणाकडे ठेवू नका. पडताळणीसाठी दाखवायच्या आणि लगेच परत घ्यायच्या.

इन्सेंटिव्हचा कागद मागून घ्या

जाहिरातीत 'अनलिमिटेड अर्निंग' लिहिलेलं असतं. खरी गोष्ट इन्सेंटिव्ह स्कीमच्या अटींत असते आणि ही स्कीम तिमाहीला बदलू शकते. ती मिळाली की हे तपासा:

- किती टक्के टार्गेटनंतर इन्सेंटिव्ह सुरू होतो? ८० टक्क्यांची पायरी असेल तर ७९ टक्क्यांवर शून्य मिळतो.
- क्वालिफायर कोणते? गृहकर्जाचं टार्गेट पूर्ण झालं, पण विम्याचं किमान टार्गेट चुकलं म्हणून सगळाच इन्सेंटिव्ह गेला, असं होऊ शकतं.
- मोजणी लॉगिनवर की डिस्बर्समेंटवर? फाइल जमा केली तो दिवस आणि कर्ज वाटलं गेलं तो दिवस यांत महिना जाऊ शकतो.
- ग्राहकाने पॉलिसी परत केली किंवा खातं बंद केलं तर दिलेला इन्सेंटिव्ह कापून घेतात का? याला क्लॉबॅक म्हणतात.
- पैसे कधी मिळतात, आणि त्याआधी राजीनामा दिला तर बुडतात का?

शेवटचा प्रश्न सर्वात महागात पडतो. तिमाहीचा इन्सेंटिव्ह पुढच्या महिन्यात देणाऱ्या कंपनीत अंगावर नोटीस पिरियड असेल तर तो मिळत नाही, अशी अट अनेकदा असते. राजीनाम्याची तारीख ठरवताना ही अट समोर ठेवा.

पहिले तीन महिने

नवखे लोक पहिल्या महिन्यात मामा, काका, शेजारी आणि कॉलेजचे मित्र यांच्याकडून टार्गेट भागवतात. शाबासकी मिळते आणि पुढच्या महिन्याचं टार्गेट वाढतं. तोवर नातेवाईक संपलेले असतात. घरच्यांना गरज असेल तर जरूर द्या, पण टार्गेटसाठी मावशीच्या गळ्यात वीस वर्षांची पॉलिसी मारू नका. दुसऱ्या वर्षी हप्ता भरायची वेळ आली की नोकरी बदललेली असते, नातं मात्र तेच असतं.

त्याऐवजी पहिले पंधरा दिवस क्रेडिट पॉलिसी शिकण्यात घाला. म्हणजे कंपनी कोणाला कर्ज देते आणि कोणाला नाही, ते. गावठाणातलं घर किंवा गुंठेवारीचा प्लॉट असेल तर अनेक संस्था फाइल स्वीकारत नाहीत. हे माहीत नसलेला माणूस चार चकरा मारून कागद गोळा करतो आणि शेवटी फाइल नाकारली जाते. माहीत असलेला पहिल्याच भेटीत सातबारा आणि करारनामा पाहून वेळ वाचवतो, स्वतःचाही आणि ग्राहकाचाही. लीगल आणि टेक्निकल तपासणीला लागणारे दिवस धरले तर वीस तारखेनंतर लॉगिन केलेल्या फाइलवर त्या महिन्यासाठी विसंबता येत नाही. शाखेतला क्रेडिट आणि ऑपरेशन्सचा माणूस म्हणूनच तुमचा खरा शिक्षक. त्याच्याशी सलोखा ठेवा.

स्वतःची नोंदवही ठेवा: किती फोन, किती भेटी, किती फाइली, किती मंजूर. दोन महिन्यांत तुमचं स्वतःचं प्रमाण कळतं. मग रिव्ह्यू कॉलवर "करतो सर" असं म्हणण्याऐवजी "तीस भेटींमागे तीन फाइली मंजूर होतात, अमुक भागात पगारदार ग्राहक जास्त आहेत, तिथे दोन दिवस द्या" असं सांगता येतं. आकड्यांनिशी बोलणाऱ्यावर आवाज चढवणं अवघड जातं.

इथे थांबायचं

अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेचं प्रकरण प्रत्येक नव्या सेल्स अधिकाऱ्याला माहीत असायला हवं. एका कुटुंबाला बँकेची आठ उत्पादनं विकायची, असं तिथलं ध्येय होतं. दबाव इतका वाढला की कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारताच त्यांच्या नावावर खाती आणि कार्डं उघडली. ८ सप्टेंबर २०१६ रोजी नियामकांनी बँकेला १८.५ कोटी डॉलर दंड केला. अशी जवळपास वीस लाख खाती असावीत, असा तेव्हाचा अंदाज होता. तो पुढे पस्तीस लाखांपर्यंत गेला. बँकेच्या प्रमुखाला पायउतार व्हावं लागलं, पण त्याआधीच्या साधारण पाच वर्षांत सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काढण्यात आलं होतं. त्यांत बहुसंख्य शाखांमधले खालच्या फळीतले लोक होते. टार्गेट ठरवणाऱ्यांपर्यंत कारवाई पोहोचायला वर्षं लागली. बनावट खातं उघडणाऱ्याला काढायला एक चौकशी पुरली.

आपल्याकडे ही रेषा ओलांडण्याच्या काही ठरलेल्या वाटा आहेत. त्या ओळखा:

- विमा एफ.डी. म्हणून विकणं. निवृत्त माणसाला 'पाच वर्षांत दुप्पट' सांगून दरवर्षी हप्ता भरावा लागणारी पॉलिसी देणं ही फसवणूक आहे. पॉलिसी पटली नाही तर ती परत करायला ग्राहकाला ३० दिवसांचा 'फ्री-लूक' अवधी असतो. तो स्वतःहून सांगा. लपवून टिकवलेली पॉलिसी पुढे तक्रार होऊन परत येते.
- "लोन हवं असेल तर पॉलिसी घ्यावीच लागेल." ग्राहकाला पर्याय आहे, हे सांगणं तुमचं काम आहे.
- पहिला हप्ता स्वतःच्या खिशातून भरणं किंवा कमिशनमधला वाटा ग्राहकाला देणं. मार्च अखेरीला हे सर्रास सुचवलं जातं. विमा कायदा १९३८ च्या कलम ४१ नुसार अशी सूट देण्यास मनाई आहे आणि दंड दहा लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो.
- ग्राहकाची सही करणं, ओटीपी मागून स्वतः टाकणं, न भेटता 'भेटलो' अशी नोंद करणं. खोट्या केवायसीवर उघडलेलं खातं सायबर चोरीत वापरलं गेलं की पोलीस पहिल्यांदा पडताळणी करणाऱ्याचं नाव विचारतात. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम ३१८ आणि बनावट दस्तऐवजासाठी कलम ३३६ आहे.
- वसुलीसाठी वेळी-अवेळी फोन. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या सूचनेनुसार वसुली एजंटांनी कर्जदाराला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये. नातेवाइकांना किंवा शेजाऱ्यांना गाठून बदनामी करणं तर मुळीच चालत नाही.

साहेबांनीच असं काही सुचवलं तर वाद घालू नका, उपदेशही करू नका. "सर, कस्टमर उद्या अकराला येतायत, त्यांच्यासमोरच सही घेतो," असं काम पुढे नेणारं वाक्य वापरा. दबाव टिकलाच तर त्याच संध्याकाळी कार्यालयीन ईमेलवर दोन ओळी लिहा: 'आजच्या बोलण्यानुसार अमुक ग्राहकाची सही प्रलंबित आहे. ग्राहक आल्यावर फाइल लॉगिन करतो.' कुणावर आरोप नाही, पण तारखेनिशी नोंद राहते. मोठ्या कंपन्यांत गैरप्रकार कळवण्यासाठी 'व्हिसलब्लोअर' ईमेल किंवा क्रमांकही असतो. तो इंट्रानेटवर शोधून ठेवा.

मात्र पुरावा गोळा करण्याच्या नादात ग्राहकांच्या याद्या स्वतःच्या फोनवर किंवा खासगी ईमेलवर घेऊ नका. ते केलंत तर कारवाई उलट तुमच्यावरच होईल. स्वतःकडे ठेवायचे ते तुमचे कागद: नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, इन्सेंटिव्हची पत्रकं, बढती आणि बदलीची पत्रं.

पीआयपी हाती पडला तर

पीआयपी म्हणजे सुधारणेसाठी दिलेली लेखी मुदत, बहुधा एक ते तीन महिन्यांची. काही ठिकाणी ती खरोखरच संधी असते, काही ठिकाणी निरोपाची तयारी. दोन्ही शक्यता धरून चाला. त्यातलं उद्दिष्ट मोजता येईल असं आहे का, ते पाहा. 'अॅटिट्यूड सुधारणे' एवढंच लिहिलं असेल तर नेमकं काय अपेक्षित आहे, ते ईमेलवर विचारा. तुमचा भाग बदलला होता, डेटा मिळाला नव्हता, मंजूर फाइली महिन्यापलीकडे गेल्या होत्या, अशी जी खरी कारणं असतील ती तारखांसह लिहून द्या. आणि त्याच आठवड्यात सीव्ही अद्ययावत करा. 'आत्ताच राजीनामा लिहून दे, रेकॉर्ड खराब होणार नाही' असं बंद खोलीत सांगितलं गेलं तर एक दिवस मागा. त्याच बैठकीत सही करायला कायद्याने कुणी भाग पाडू शकत नाही.

राजीनामा, नोटीस आणि बाँड

राजीनामा ईमेलवर द्या आणि पोच मिळवा. प्रोबेशनमध्ये नोटीस कमी असते, कायम झाल्यावर दोन-तीन महिन्यांची होऊ शकते. नेमणूकपत्रातला आकडाच खरा. नोटीस पुरी न करता निघालात तर तेवढ्या दिवसांची रक्कम वसूल होऊ शकते, पण त्या रकमेवर जीएसटी लावणं चूक आहे. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ऑगस्ट २०२२ मध्येच ते स्पष्ट केलंय.

बाँड 'कायद्याने चालतच नाही' असा समज तरुणांत पक्का आहे. तो चुकीचा आहे. विजया बँकेच्या एका अधिकाऱ्याने तीन वर्षं पुरी होण्याआधी राजीनामा दिला आणि बाँडचे दोन लाख रुपये निषेध नोंदवून भरले. कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला, पण मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून बँकेची अट वैध ठरवली. सही करण्याआधी रक्कम आणि मुदत वाचणं म्हणूनच महत्त्वाचं. भरमसाट रकमेला आव्हान देता येतं, कारण करार कायद्याचं कलम ७४ वाजवी भरपाईपुरतंच आहे.

'सोडल्यावर एक वर्ष प्रतिस्पर्धी कंपनीत जाणार नाही' ही अट मात्र निराळी. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ नुसार नोकरी संपल्यानंतरचं असं बंधन टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच ही भूमिका घेतली होती. नोकरीत असताना दुसरीकडे काम न करण्याची अट मात्र पाळावी लागते, आणि ग्राहकांची माहिती सोबत नेणं तर कधीच चालत नाही.

हक्क आणि दाद

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या. तुमच्या कामाचं त्यातलं थोडं:

- मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत.
- राजीनामा दिला किंवा काढून टाकलं, तरी देय वेतन दोन कामाच्या दिवसांत. 'फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी' ही जुनी रीत आता टिकत नाही.
- टार्गेट चुकलं म्हणून ठरलेल्या पगारातून दंड कापता येत नाही. इन्सेंटिव्ह न मिळणं आणि पगार कापणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थकीत वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो.
- नेमणूकपत्र देणं बंधनकारक.

कामाच्या तासांसाठी महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ पाहा. आठवड्याला ४८ तास, जादा कामाला दुप्पट दर, वर्षाला ८ नैमित्तिक रजा आणि ८ पगारी सुट्ट्या. व्यवस्थापकीय आणि पर्यवेक्षकीय पदांना यातून सूट आहे आणि इथेच 'असिस्टंट मॅनेजर' या पदनामाने घोळ होतो. हाताखाली एकही माणूस नाही, रजा मंजूर करण्याचा अधिकार नाही, दिवसभर स्वतःच फोन आणि भेटी करायच्या, तर नुसत्या नावाने कुणी व्यवस्थापक होत नाही. न्यायालयं प्रत्यक्ष कामाचं स्वरूप पाहतात. आपण रोज काय करतो, हे लिहून ठेवा.

लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांत करायची असते. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात ही समिती हवी. नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. ग्राहकाकडे भेटीला गेल्यावर घडलेला प्रकारही लैंगिक छळविरोधी कायद्यात बसतो.

दाद कुठे मागायची? बँक किंवा विमा कंपनीच्या थेट पेरोलवर असाल तर केंद्रीय कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे. त्यांचं 'समाधान' पोर्टल आहे. एनबीएफसी, बीपीओ किंवा इतर कंपनी असेल तर राज्याच्या कामगार आयुक्तालयात.

टिकायचं की सोडायचं?

महिनाअखेर जवळ आली की झोप उडणं, रविवारी संध्याकाळी पोटात गोळा येणं, फोन वाजला की हात थरथरणं, हे 'सेल्समध्ये असंच असतं' म्हणून सोडून देऊ नका. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि मराठीत बोलता येतं. घरी 'बँकेत चांगलं चाललंय' असं सांगत राहण्याऐवजी एका माणसाला तरी खरं सांगा.

काम जमत असेल आणि फक्त ही शाखा जाच देत असेल तर बदली किंवा दुसरी कंपनी. लोकांशी बोलणं आवडतं पण आकड्यांचा पाठलाग नको असेल तर क्रेडिट, ऑपरेशन्स किंवा ग्राहकसेवेत जाण्यासाठी अंतर्गत जागांवर लक्ष ठेवा. वर्षभरात शिकलेली क्रेडिट पॉलिसी तिथे उपयोगी पडते. म्युच्युअल फंडासाठी एनआयएसएमची पाच-ए परीक्षा आणि बँकिंगमध्ये असाल तर जेएआयआयबी, या दोन पात्रता पुढच्या मुलाखतीत मोजल्या जातात. आयबीपीएसची तयारी करणार असाल तर एवढं जाणून असा की सरकारी बँकेतही टार्गेट असतातच.

नवी नोकरी हाती आल्यावर जुना पीएफ काढू नका, वर्ग करा. पाच वर्षांच्या आत काढलेल्या रकमेवर कर लागतो आणि पेन्शनसाठी मोजली जाणारी सेवाही तुटते. यूएएनवरचं (पीएफच्या कायम क्रमांकावरचं) नाव आधारशी जुळतंय का, वडिलांचं किंवा लग्नानंतरचं नाव कुठे वेगळं पडलंय का, हे आजच पाहा. जुन्या कंपनीने बाहेर पडल्याची तारीख भरली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती पीएफच्या पोर्टलवर तुम्हाला स्वतः भरता येते. रिलीव्हिंग लेटर, अनुभवपत्र, शेवटच्या तीन पगारस्लिपा आणि फॉर्म १६ हे चार कागद मात्र कंपनीचा ईमेल बंद होण्याआधी उतरवून घ्या.